एकट्या बाईसाठी दादरचं लॉज

दादर पूर्वेच्या या लॉजला मी पाचातले चार गुण देते. एक गुण जिन्यातल्या अंधाराने घालवला, त्याबद्दल पुढे लिहिते. गादी कडक आहे, खोली लहान आहे, भिंतींना रंग देऊन बरीच वर्षं झाली असावीत. तरी वेंगुर्ल्याहून एकटी आलेली बाई इथे कडी लावून निर्धास्त झोपते. दीड-दोन हजारांच्या लॉजकडून मला आधी एवढं हवं असतं, बाकीचं सगळं त्याच्या मागून.

लॉजचं नाव मी लिहीत नाही. उणिवाही लिहायच्या आहेत, आणि मला कोणाची जाहिरात करायची नाही. आपल्याकडच्या बचत गटातल्या, घरगुती धंदा करणाऱ्या बायका आता एकट्या मुंबईला जायला लागल्या आहेत. खोली घेताना त्यांनी काय बघावं ते कळावं, म्हणून हे लिहिते.

मी घरी आमसुलं, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला करते. दादर-गिरगावच्या काही दुकानांत माल देते, मागचे पैसे घेते, आणि येताना मस्जिद बंदरहून पाऊच, बरण्या, लेबलं आणते. हे एका दिवसात उरकत नाही. दुकानदार अकराच्या आधी हिशेबाला बसत नाहीत, घाऊकवाले संध्याकाळी आवरायला घेतात, आणि मधला वेळ लोकलच्या गर्दीत जातो. एक रात्र मुंबईत काढावीच लागते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. माझ्या मामाची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत होती, दादर स्टेशनपासून चालत जाण्यासारखी. 160 चौरस फुटांची खोली, त्यात घरची सात-आठ माणसं, वर गावाकडून कोणी ना कोणी आलेलं असायचंच. पुरुष बाहेर झोपायचे, बायका-पोरं आत. कोकणातल्या कित्येक घरांची मुंबई अशीच होती, कोणाची लालबागला, कोणाची परळला, कोणाची करी रोडला. मुंबईत जाऊन लॉजवर उतरले असते तर मामा महिनाभर बोलला नसता. आता चाळ पुनर्विकासात गेली. तिथे 500 चौरस फुटांचं घर मिळायचं आहे आणि ते लवकर मिळो, मामीचं सगळं आयुष्य सामायिक संडासाच्या रांगेत गेलं. तोवर मामेभाऊ डोंबिवलीला भाड्याने राहतो. दोन खोके आणि आगळाच्या बाटल्या घेऊन संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये चढणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून लॉज.

लॉज म्हटलं की पैशांच्याही आधी एक प्रश्न आडवा येतो. स्टेशनजवळच्याच एका दुसऱ्या लॉजला मी फोन केला होता. तारीख सांगितली, भाडं ठरलं, मग समोरच्याने विचारलं, "मॅडम, किती जण?"

"मी एकटीच."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही." का, म्हणून विचारलं, तर "पॉलिसी आहे" एवढंच. आणखी एकाने खोली द्यायची तयारी दाखवली, पण नवऱ्याचा फोन नंबर मागितला. धंदा माझ्या नावावर, अन्न परवान्याची नोंदणी माझ्या नावावर, बँकेचं कर्ज माझ्या नावावर, आणि एका रात्रीच्या खोलीला नवऱ्याची जामीनकी! याचा मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा आपल्याकडे नाही. ओळखपत्र दाखवायचं आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची, हे पुरुषालाही करावं लागतं, बाईलाही. त्यापलीकडे चौकशी लॉजवाल्याने करू नये, आणि बायकांनी गप्प बसून नवऱ्याचा नंबर देऊ नये.

या लॉजच्या काउंटरवर साठीच्या आसपासचे मॅनेजर होते. खोके बघून म्हणाले, "ताई, कुठून?"

"वेंगुर्ल्याहून."

"तुतारी एक्स्प्रेसने? मग रात्रभर झोप नसेल. बसा आधी, चहा सांगतो. नोंद काय, होईल."

रजिस्टरमध्ये येण्याचं कारण म्हणून एक रकाना असतो. कित्येक ठिकाणी बाईचं कारण ते स्वतःच "खासगी" म्हणून लिहून मोकळे होतात. यांनी पेन माझ्या हातात दिलं. मी "व्यवसाय" लिहिलं. आधारची मी नेहमी मास्क्ड प्रत नेते. तीत पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात, आणि यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ती ज्याची त्याला काढता येते. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून तारीख घालते आणि "फक्त लॉजच्या नोंदीसाठी" असं लिहून सही करते. काही लॉजवाले यावरून वाद घालतात. इथे त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि फायलीला लावलं.

आता वेळेबद्दल. कोकणातून येणाऱ्याने भाडं विचारायच्याही आधी चेक-आउट कधी ते विचारावं. तुतारी सकाळी सातच्या आत दादरला आणून सोडते, कोकणकन्या त्याच्याही आधी. ज्या लॉजचा दिवस दुपारी 12 ला सुरू होतो, तिथे सकाळी सातला चावी घेतली की 12 पर्यंतचे पाच तास हा एक आख्खा दिवस धरतात. रात्र एकच काढायची आणि भाडं दोन दिवसांचं भरायचं. या लॉजवर 24 तासांचा हिशेब आहे, सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत आपली. साध्या खोलीला 1,600 आणि एसीला 2,200. मी साधी घेतली, जानेवारीत मुंबईलाही रात्री पंखा पुरतो. मुंबई सेंट्रलला रेल्वेचं पॉड हॉटेल, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं, 2021 पासून आहे, त्यात बायकांसाठी वेगळे पॉड आहेत. मुलाखतीला, परीक्षेला जाणाऱ्या मुलीला ती सोय चांगली. मला मात्र खोके उघडून माल वेगळा करायचा असतो, नोटा मोजायच्या असतात, ते काम चार भिंतींतच होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. शिरल्यावर, हातातली पिशवी खाली ठेवायच्याही आधी, मी दार बघते. या दाराला आतून वर एक कडी, मध्ये लॅच आणि तळाला जमिनीत उतरणारा बोल्ट. वरची कडी नवी होती. कडीपेक्षा कोयंडा बघावा, तो कशाच्या जोरावर उभा आहे ते. इथे चौकटीत चार स्क्रू, चारही जाग्यावर आणि डोकी लाकडात बसलेली. मी कडी लावून दार दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, ते जागचं हललं नाही. मागे एका लॉजवर कडी चकचकीत होती, पण कोयंडा दोन खिळ्यांवर लोंबत होता, बाहेरून कोणी खांदा दिला असता तरी निघून आला असता. ती रात्र मी दाराला टेबल लावून त्यावर पाय ठेवून बसून काढली. तेव्हापासून स्क्रू मोजल्याशिवाय मी खोलीचे पैसे देत नाही.

बाहेर बघायच्या भिंगाला आतून झाकणी आहे, हेही महत्त्वाचं. खिडकी मागच्या गल्लीवर, लोखंडी जाळीची. कुठे छुपा कॅमेरा नाही ना, म्हणून दिवे घालवून मोबाईलच्या उजेडात आरसा, प्लगची भोकं, छतावरची तबकडी बघून घेतली. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यात लाजायचं काही नाही.

चादर पांढरी आणि परीटघडीची होती. उशीचं मात्र अभ्रा काढून बघावं, वरून सगळ्या उशा स्वच्छच दिसतात. या उशीवर तेलाचा मोठा डाग होता. खाली फोन केला तर पोरगा दुसरी उशी घेऊन आला आणि मी अभ्रा काढून बघेपर्यंत दारातच थांबला. आत पाऊल टाकलं नाही. तो झारखंडचा, वीस-बावीस वर्षांचा. खोके वर आणतानाही दार पूर्ण उघडं ठेवूनच आत आला होता. या गोष्टी कोणीतरी शिकवलेल्या असतात, आणि त्यावरून लॉज कोण चालवतंय ते समजतं. ब्लँकेट मी कुठल्याच लॉजचं घेत नाही, घरची चादर बरोबर असते.

न्हाणीघरात गरम पाणी सकाळी साडेपाच ते साडेनऊ. गाडीतून उतरून आलेल्या माणसाला ही वेळ बरोबर सापडते, दोन बादल्या कढत पाण्याने मी नव्याने उभी राहिले. संध्याकाळी नळाला गरम पाणी नाही, सांगितलं तर मजल्यावरच्या गीझरमधून बादली आणून देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. फरशी घासलेली, जाळीवर डांबरगोळ्या, झुरळ एकही दिसलं नाही. झाकणाचा कचऱ्याचा डबा आतच आहे. तो नसला की बायकांची काय पंचाईत होते हे पुरुष मालकांच्या लक्षात येत नाही, इथे कोणाच्या तरी आलेलं आहे. पण खुंटी एकच! साडी, परकर, टॉवेल, सगळं एका खुंटीवर कसं राहणार? परकर खाली घसरला आणि भिजला. आणखी दोन खुंट्यांना शंभर रुपयेसुद्धा लागणार नाहीत. दार खालून पाण्याने फुगलंय, ते ओढून लावावं लागतं. चार्जिंगचा प्लग टीव्हीपाशी, पलंगापासून लांब. एकट्या बाईला रात्री फोन उशाशी लागतो, तेव्हा एक्स्टेंशन वायर घरून न्यावी.

दिवसभराचं सांगत नाही. जेवण लॉजवर मिळत नाही, त्याची गरजही नाही, पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की आस्वादचं थालीपीठ आहे. मासे मी मुंबईत खात नाही.

रात्री साडेनऊला परत आले तेव्हा लिफ्ट बंद केलेली होती. रोज नऊनंतर बंद करतात म्हणे, हे आधी सांगायला हवं होतं. जिना चढायला लागले तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मिट्ट काळोख. वरच्या खोलीचं दार सताड उघडं, आत चार-पाच पुरुष पत्ते खेळत बसलेले, त्यांच्या दारातून येईल तेवढाच उजेड. कोणी काही बोललं नाही, कोणी काही केलं नाही. पण पर्समध्ये दुकानांचे वसूल झालेले पैसे असताना तेवढ्या आठ-दहा पायऱ्या मला फार लांब वाटल्या. मी तिथूनच खाली वळले आणि मॅनेजरना सांगितलं. त्यांनी लगेच पोराला टॉर्च देऊन बरोबर पाठवलं, त्या खोलीचं दार लावून घ्यायलाही सांगितलं. वागणं चांगलंच. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही तिथे दिवा लागलेला नव्हता. ज्या लॉजने कडीला चार स्क्रू मारले, त्याने जिन्यात एक बल्ब लावू नये? माझा एक गुण इथे गेला.

दहाच्या सुमारास घरून सासूबाईंचा फोन. "जेवलंस गो? कडी नीट लायलंस मां?" लावली म्हटल्यावरच त्या झोपायला गेल्या. साडेदहाला दारावर टकटक झाली. मी उघडलं नाही, आतूनच विचारलं. "मावशी, पाणी." मी पाणी मागितलं नव्हतं. तसं सांगितल्यावर "सॉरी, वो बगलवाला रूम था" म्हणून तो पुढे गेला. भिंगातून बघितलं तर खरंच शेजारच्या दारापाशी बाटल्या घेऊन उभा होता. तरीही मी खाली फोन करून विचारून घेतलं. मॅनेजर वैतागले नाहीत, उलट म्हणाले, "बरोबर केलंत ताई. दहानंतर आमचा माणूस आधी फोन करेल, मगच वर येईल. न सांगता आला तर उघडायचंच नाही." खोली बाहेरून कितीही चकाचक असली तरी हे वाक्य भाड्याच्या पाटीवर लिहिलेलं नसतं. त्यानंतर मला झोप लागली. स्टेशनवरच्या घोषणा खिडकीतून ऐकू येतात, रात्री उशिरापर्यंत येतात, ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कानात कापूस घालावा.

सकाळी सातला खोली सोडायची होती, त्यांनी आपणहून साडेआठपर्यंत राहा म्हणून सांगितलं. परतीची गाडी रात्रीची. मधल्या पंधरा-सोळा तासांत सामान कुठे ठेवायचं हा आपल्या लोकांचा नेहमीचा घोर. इथे काउंटरमागच्या खोलीत ठेवून घेतात, चिठ्ठीवर नगांची संख्या लिहून देतात, पैसे नाहीत. मस्जिद बंदरहून दमून आल्यावर पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या न्हाणीघरात हातपाय धुऊन कपडे बदलू दिले. रात्रीचा प्रवास बाकी असलेल्या बाईला याचं मोल काय ते तिलाच माहीत.

बिल छापील मिळालं, हाताने लिहिलेला चिठोरा नव्हे. 1,600 भाडं, 40 केंद्राचा आणि 40 राज्याचा जीएसटी, मिळून 1,680. हेही बायकांनी ध्यानात ठेवावं. दिवसाला साडेसात हजारांपर्यंत भाड्याच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के कर आहे, त्याआधी 12 होता. अजूनही कोणी जुन्या सवयीने 12 लावत असेल तर तिथेच विचारा. आणि बिलावर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक नसेल, जो महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो, तर कर मागायचा त्यांना हक्कच नाही. एका ठिकाणी माझ्याकडून कर म्हणून पैसे घेतले आणि हातात कोरा कागद दिला होता. क्रमांक कुठे आहे विचारल्यावर ते पैसे परत आले.

ज्यांना अशी खोली घ्यायची आहे त्यांच्यासाठी थोडं आणखी. आधी फोन करा आणि फोनवरच "मी एकटी आहे" हे सांगा, म्हणजे जो नकार द्यायचा तो वेंगुर्ल्यातच मिळेल, सकाळी सातला खोक्यांसकट रस्त्यावर नव्हे. खोली पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर मागा, लिफ्टच्या समोरची असेल तर उत्तम. 6 डिसेंबरच्या मागेपुढे दादरला जागा मिळत नाही, चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात आणि लॉज भरून जातात, तेव्हा कामं आठवडाभर पुढे-मागे करावीत. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी भाडी चढतात.

आणि परतीचं तिकीट काढताना तारीख नीट बघा. तुतारी दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, म्हणजे 12 तारखेचं तिकीट असेल तर 11 तारखेच्या रात्रीच स्टेशनवर जायचं. खोली सोडायचा दिवस त्यावरून ठरवायचा, आणि मॅनेजरना आल्या आल्याच सांगायचं की सामान रात्री अकरापर्यंत राहील. फलाटांचे आकडेही बदललेत, 2023 च्या डिसेंबरपासून पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 आणि मध्य रेल्वेचे 8 पासून 14 पर्यंत, तेव्हा जुन्या आठवणीवर हमालाला नंबर सांगू नका.